सावलीच्या पाठीवरचा मजकूर

मनुष्याच्या मुखाची एका बाजूची बाह्यरेषा तेवढी घ्यावयाची, आतला सगळा भाग काळ्या रंगाने अथवा काळ्या कागदाने भरून टाकावयाचा, डोळ्यांतील भाव, ओठांवरचे हास्य, गालावरचा तीळ यांपैकी काहीही दाखवावयाचे नाही, आणि तरीही घरच्या माणसांनी पाहताक्षणी ‘हे आमचेच’ म्हणून ओळखावे, अशी किमया करणारी जी कला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात आली, तिला सिल्हूट अथवा छायाकृती म्हणतात. तैलचित्रासाठी चित्रकारापुढे तासन्‌तास बसण्याची ऐपत आणि सवड थोड्यांनाच असे. छायाकृती मात्र काही मिनिटांत, माफक मोबदल्यात पदरात पडे. झुरिकचा धर्मोपदेशक योहान कास्पार लाव्हाटर याने 1775 ते 1778 या काळात मुखाकृतीवरून स्वभाव पारखण्याविषयी चार खंड प्रसिद्ध केले आणि त्यांत छायाकृतींचा मुबलक उपयोग केला. त्याचे ते शास्त्र कालौघात टिकले नाही, परंतु त्याने वाढविलेली छायाकृतींची हौस टिकली.

या कागदांचा संग्रह करू पाहणारा नवखा माणूस प्रथम रेषेच्या सौंदर्यावर लुब्ध होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जाणता संग्राहक हाती आलेला कागद आधी उलटून पाहतो. सावलीने माणसाचे जे जे लपविले, ते सांगण्याचे काम कागदाच्या पाठीवरील नाव, तारीख, शिक्का किंवा कारागिराची छापील चिठ्ठी करीत असते. जॉन मायर्स या इंग्रज कारागिराचेच पाहावे: लीड्स सोडून तो एडिंबरोला आणि तेथून 1788 मध्ये लंडनला गेला, आणि चौकटीच्या पाठीवर डकविलेल्या त्याच्या चिठ्ठीतील पत्ता मुक्कामागणिक बदलत गेल्यामुळे त्या पत्त्यावरून चित्राचा काळ ठरविता येतो.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे चार्ल्स विल्सन पील याच्या संग्रहालयात 1802 मध्ये मुखाची रेषा टिपणारे एक यंत्र बसविण्यात आले. बसलेल्या माणसाच्या मुखावरून यंत्राची दांडी फिरे, तीच रेषा लहान आकारात चौपदरी घडीच्या कागदावर उमटे, आणि मधला भाग कापून काढला की एकाच कापात चार प्रती तयार होत. पोकळी पडलेला तो पांढरा कागद काळ्या कापडावर अथवा कागदावर ठेवला की सावली उभी राही. हे कापण्याचे काम करी मोझेस विल्यम्स, जो पीलच्याच घरी गुलाम होता आणि त्याच वर्षी मुक्त झाला. एका वर्षात त्याने आठ हजारांवर छायाकृती कापल्या. परंतु त्या कागदांवर उठावाचा शिक्का आहे तो संग्रहालयाचा, कापणाऱ्याचा नव्हे. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत एक छायाकृती जतन केलेली आहे, तिच्यावर मोझेसचे नाव आणि ‘छायाकृती कापणारा’ अशा अर्थाचा मजकूर आहे. एवढ्या हस्तकौशल्याच्या माणसाचा चेहरा आज आपल्याला ठाऊक आहे तो त्या एका ओळीमुळे, हे मला फार मोलाचे वाटते.

नोंदीचे महत्त्व सर्वांत अधिक ओळखले ते ओगुस्त एद्वार या फ्रेंच कारागिराने. 1789 मध्ये जन्मलेला हा गृहस्थ आधी केसांपासून चित्रे करी. पुढे इंग्लंडमध्ये तो कात्रीकडे वळला आणि कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना, समोरच्या माणसाकडे पाहत पाहत, टोपीपासून बुटापर्यंतची पूर्णाकृती कापू लागला. कागद दुहेरी असल्यामुळे दोन प्रती निघत; एक गिऱ्हाइकाच्या हाती पडे, दुसरी त्याच्या बाडात चिकटे, आणि तिच्याबरोबर त्या आसामीचे नाव, गाव व तारीख दफ्तरी रुजू होई. काळ्या आकृतीवर सोनेरी रंगाने केस-दागिने रेखाटण्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता, आणि 1835 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने तो स्पष्ट शब्दांत व्यक्त केला. 1839 पासून दहा वर्षे अमेरिकेत फिरून, तेथील अध्यक्षांपासून व्यापाऱ्यांपर्यंत असंख्य माणसांच्या छायाकृती कापून तो परतत असता 1849 च्या डिसेंबरात गर्न्झी बेटाच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले आणि बहुतेक बाडे समुद्रार्पण झाली. वाचलेली बाडे त्याने आसरा देणाऱ्या ल्युकिस कुटुंबास दिली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमती नेव्हिल जॅक्सन या अभ्यासू बाईंच्या हाती ती आली, तेव्हा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या सावल्यांना नावानिशी हाक मारता आली. नंतर ही बाडे फुटून त्यांची पाने अलग अलग विकली गेली, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

1839 मध्ये दाग्येरची प्रकाशचित्रणाची रीत जाहीर झाली आणि छायाकृतींचा व्यवसाय ओसरू लागला. तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मनीतील पोस्टकार्डांवर हीच काळी रेषा छपाईच्या रूपाने पुन्हा अवतरली. आज थोड्या पैशांत आरंभ करू इच्छिणाऱ्यास ही कार्डेच सोयीची. जर्मनीत 1905 पासून आणि अमेरिकेत 1907 पासून पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून अर्ध्यावर मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. तेव्हा ती सबंध बाजू पत्त्यासाठीच राखलेली असेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचे समजावे.

नकली मालाची खातरजमा करण्याचा एक सोपा उपाय आहे. शुभ्रता वाढविण्यासाठी कागदात घालण्यात येणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली, आणि जंबुपार किरणांखाली ती निळसर चमकतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणून विकला जाणारा कागद तसा चमकला, तर तो घेऊ नये.

संग्राहकांस विनंती एवढीच की, जुनी छायाकृती हाती येताच नवी चौकट करण्याच्या घाईत तिचा मूळ पुठ्ठा फाडू नये, चिकटपट्टी लावू नये, कडा छाटू नयेत. आम्लरहित कागदात, उन्हापासून आणि कसरीपासून दूर ती ठेवावी. पाठीवरची चिठ्ठी सुटून आली असेल तर ती तिच्याच सोबत राहू द्यावी, आणि छायाकृती कोठून, कोणाकडून, कधी मिळाली हे एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून त्याच पाकिटात ठेवावे.