ब्लेडने कापलेली धून

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सुरू झाली. तिच्या वाढदिवसाला चाहते जुने भाग लावून बसतात. मी माळ्यावरचं स्पूल मशीन खाली काढतो. ही मालिका डोळ्यांआधी कानांत शिरते, आणि तिच्या धुनेची खरी किंमत टेप हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

धून रॉन ग्रेनर यांची. ती प्रत्यक्ष घडवली लंडनमध्ये मेडा व्हेलच्या बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशर यांनी, डिक मिल्स यांना हाताशी घेऊन. सिंथेसायझर नव्हताच. खर्जासाठी छेडलेली एक तार, वरच्या सुरावटीसाठी यंत्रं तपासायचे ऑसिलेटर आणि सळसळीसाठी गाळून घेतलेली खरखर, एवढंच भांडवल.

तारेचा एक स्वर मी टेपवर घेतो, सेकंदाला १५ इंच वेगाने. मग दोन्ही स्पूल हाताने हळूहळू मागेपुढे फिरवायचे. हेडवरून टेप सरकताना नुसती घरघर येते, आणि जिथे नख तारेला लागलं तिथे आवाज एकदम फुटतो. तिथेच पिवळ्या पेन्सिलीची खूण. टेप कापायच्या ठोकळ्यातल्या खाचेत बसवून ब्लेड तिरकं ओढायचं. सरळ कापलं तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या कापात एक आवाज दुसऱ्यात विरतो. चिकटपट्टी लावून वरून नख घासायचं. पाव सेकंदाचा स्वर म्हणजे पावणेचार इंच टेप. इथे वेळ फूटपट्टीने मोजतात! वेग निम्मा केला की स्वर सप्तकभर खाली उतरतो, पण लांबीही दुप्पट होते. म्हणजे पुन्हा मोजणं, पुन्हा कापणं.

अशी अख्खी धून डर्बीशर आणि मिल्स यांनी स्वरास्वराने जोडली. वेगवेगळ्या टेप एकदमच चालू करून त्या एकत्र करायच्या होत्या, आणि कुठेतरी एक स्वर चुकत होता. तेव्हा इमारतीतल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारी शेजारी अंथरून, कुठला जोड रांगेत बसत नाही हे डोळ्यांनी शोधलं. हा किस्सा मिल्स सांगत.

तयार धून ऐकून ग्रेनर चकित झाले, हे आपणच लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. श्रेय वाटून घ्यायची त्यांची तयारी होती; बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. डेलियाबाई २००१ साली गेल्या. धुनेसाठी त्यांचं नाव पडद्यावर आलं ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाच्या खास भागात. हा उशीर मला आजही टोचतो.

१९८० मध्ये पीटर हॉवेल यांनी ही धून सिंथेसायझरवर नव्याने बांधली, पुढे आणखीही रूपं आली. तीही मला आवडतात. पण वाढदिवसाला १९६३चीच लावा. वरची सुरावट क्षणभर सोडा आणि आधी खर्ज ऐका: त्यातला एकेक स्वर कुणीतरी मोजून, कापून, चिकटवून तिथे बसवलाय.