गार पाण्याचा मासा

स्टॉन्टन नावालाच नदी. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात ब्लू रिज डोंगराच्या पूर्व उतारावरून ती उतरते आणि ग्रेव्ह्ज मिलच्या वरच्या अंगाला रॅपिडॅन नदीला मिळते. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. 2001च्या एप्रिलात मी तिथे पहिल्यांदा गेलो. त्यानंतर वीसहून जास्त वर्षं झाली, एकही वसंत चुकवलेला नाही.

पहिल्या दिवशी एकही मासा दिसला नाही, मग मिळणार कुठून? मी भोरकडचा. मासे धरायचे ते मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात, चढणीचे, भाताच्या खाचरात शिरलेले, चारचौघांनी मिळून आरडाओरडा करत. इथे तो उत्साह कामाचा नव्हता. इथला मासा म्हणजे ब्रूक ट्राउट. तो प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो आणि पाणी वाहून आणेल तो किडा टिपतो. त्याला दिसायचं नसेल तर मागून, म्हणजे खालच्या अंगानं, गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. एवढं कळायला माझा सगळा एप्रिल गेला.

मे महिन्यात पहिला मासा हाताला लागला. वीतभरही नव्हता. पाठीवर कसरीनं जुन्या पोथीत पाडलेल्या वाटांसारखी नक्षी, अंगावर निळ्या कड्यात बसवलेले लाल ठिपके, पोटाकडच्या परांच्या कडेला पांढरी रेघ. नावात ट्राउट असलं तरी हा मासा ‘चार’ माशांच्या कुळातला. शास्त्रीय नावातल्या ‘फॉन्टिनॅलिस’ या शब्दाचा अर्थ झऱ्याचा. अशा ओढ्यात तो तीन-चार वर्षांपेक्षा जास्त क्वचितच जगतो, आणि नऊ इंचाचा मिळाला तर तो मोठा मासा. मी हात ओला केला, गळ सोडवला, तो बोटांमधून निघून गेला. तेव्हापासून मी इथला एकही मासा घरी नेलेला नाही.

पहिली काही वर्षं मी हाताच्या कसबातच गुंतलो होतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ नसतं. पिसं, केस आणि दोरा गळावरच गुंडाळून किड्याचा आकार द्यायचा. या नकली माशीला वजन नसतं, तिला पुढे नेते ती जाड दोरी. मोठ्या नदीवर ही दोरी डोक्यावरून डौलात फिरते. इथे मागे लॉरेलची झुडपं, वर फांद्या. मग माशी चिमटीत धरायची, काठी वाकवायची आणि धनुष्यातून बाण सोडावा तशी सोडायची. पाच फूट लांब पडली तरी पुरते.

मात्र हा ओढा मी पाहिला तो मूळचा नव्हे, हे मला उशिरा समजलं. मी येण्याच्या सहा वर्षं आधी, 27 जून 1995 रोजी, ढगफुटीसारखा पाऊस पडून मॅडिसन काउंटीतले डोंगर जागोजागी सुटले. स्टॉन्टनच्या खालच्या भागात दगड, माती आणि झाडांचा लोंढा आला. सुमारे 1.9 किलोमीटर पात्रातला ट्राउट पार संपला. आणि तरीही दोन वर्षांत तो परत आला, बाहेरून एकही मासा न सोडता. वरच्या भागात वाचलेले मासे खाली पसरले होते. नंतर तर खरडून निघालेल्या पात्रात त्यांची गर्दी वरच्यापेक्षा जास्त झाली. मी ज्या उघड्या खडकांना रुक्ष म्हणत होतो, त्यांच्या फटींत माझ्या आधीच हा चमत्कार होऊन गेला होता.

स्टॉन्टन जिला मिळते त्या रॅपिडॅनच्या वरच्या टोकाला, मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग एकत्र येतात तिथे, राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी 1929मध्ये लाकडी घरांचा तळ उभारला. जागा वॉशिंग्टनपासून 100 मैलांच्या आत हवी, डास नसतील इतकी उंच हवी आणि ट्राउट हवेत, या त्यांच्या अटी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड तिथे आले, आणि पाण्याकाठच्या ओंडक्यावर बसून दोघं नौदल कपातीबद्दल बोलले. जातीय निवाड्यामुळे आणि पाठोपाठच्या पुणे करारामुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच मॅकडोनाल्ड. त्या पाण्याशी बसलो की मला येरवडा आठवतं.

माझ्या वहीत सगळ्यांत जास्त खाडाखोड आहे ती 2002च्या पानांवर. त्या वर्षी व्हर्जिनियात मोठा दुष्काळ होता. ओढ्याचे डोह होऊन राहिले होते. जुलैच्या एका दुपारी मी अशाच डोहातून मासा काढला, नेहमीसारखा सोडला, आणि तो उलटा झाला. दहा मिनिटं त्याला प्रवाहात धरून बसलो, पण तो सावरला नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेल्या माशाला तो पुरत नाही, हे मी वाचलेलं होतं. हात घालून पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात थर्मामीटर घेतला. तेव्हापासून आधी तो पाण्यात जातो. पारा 20 अंशांच्या वर गेला की काठी जोडायचीच नाही.

थर्मामीटर आल्यावर माझं लक्ष पाण्यावरून झाडांवर गेलं. हेमलॉक हा या घळींचा सावलीचा वृक्ष, बारमाही हिरवा. जपानकडून आलेल्या ॲडेल्जिड नावाच्या बारीक किड्यानं, फांद्यांखाली कापसाचे पुंजके सोडत, या उद्यानातले बहुतेक हेमलॉक मारले. मी आलो तेव्हा कितीतरी राखाडी खोडं उभी होती. एकेक करून ती पडली, आणि जिथे मी एप्रिलात कुडकुडत असे तिथे ऊन थेट पाण्यावर यायला लागलं. या ओढ्यांवरचं दुसरं संकट आम्लवर्षेचं, त्यावर उपाय निघाले. 1990च्या कायद्यानंतर कारखान्यांचा धूर आटोक्यात आला, दक्षिणेकडच्या सेंट मेरीज नदीत 1999मध्ये हेलिकॉप्टरनं चुनखडीची वाळू टाकली गेली. हेमलॉकची सावली मात्र कुणी हेलिकॉप्टरनं आणून देऊ शकत नाही. याची मला अजून चुटपुट लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी काठी नेत नाही. तो विणीचा काळ. काठानंच चालतो, कारण बारीक खडीत पाय पडला तर अंडी चिरडतात. गेल्या शरदात स्टॉन्टनच्या वरच्या टप्प्यात एक मेलेला हेमलॉक आडवा पडलेला दिसला. त्याच्यामुळे वर कमरेइतका डोह झाला होता, आणि डोहाच्या शेपटाला खडीचा एक फिकट, धुतल्यासारखा चट्टा होता. त्यावर मादी आडवी होऊन शेपटीनं खडी उडवत होती, आणि पोट केशरी झालेला नर तिच्या बाजूला खोडाच्या सावलीत थांबला होता. पारा 9 वर होता.