न्हाणीघरातील उजेड

दिवाणखान्यातील झुंबरासाठी चार दुकाने पालथी घालणारा गृहस्थ न्हाणीघरातील दिव्याचा प्रश्न मात्र सर्वस्वी वायरमनच्या मर्जीवर सोपवतो. आणि तो वायरमनही, जेथे वायर कमीत कमी लागेल तेथे, म्हणजे बहुधा दाराच्या चौकटीवर, एक होल्डर ठोकून मोकळा होतो. त्या एकाच दिव्याच्या अमलाखाली पुढे वर्षानुवर्षे घरातील मंडळी दाढी करतात, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचतात आणि पहाटे ओल्या फरशीवर पाऊल टाकतात.

उजेड अपुरा वाटला की अधिक शक्तीचा दिवा लावावा, हा आपला दस्तूर. परंतु कसूर बहुधा शक्तीची नसून जागेची असते. दिवा पाठीमागे असला तर आरशात पाहणाऱ्याचा चेहरा स्वतःच्याच छायेत राहतो, आणि तो डोक्यावर असला तर कपाळ तेवढे उजळून डोळ्यांच्या खोबणी व हनुवटीखालचा भाग अंधारात पडतो. दिवा प्रखर केल्याने ही छाया नाहीशी न होता उलट अधिक ठळक होते. रंगपटातील आरशाला दोन्ही बाजूंनी दिवे असतात ते काही केवळ शोभेसाठी नव्हेत. घरीही आरशाच्या उजव्या-डाव्या अंगास, चेहऱ्याच्या उंचीवर, दोन दिवे लावण्याची तजवीज करावी; भिंत अरुंद असल्यास आरशावर आडवी लांब नळी लावून भागते.

पूर्वीच्या ६० वॉटच्या तारेच्या दिव्याचे काम आता ९ वॉटचा एलईडी करतो, हे सर्वश्रुत आहे. रंगाचा विचार मात्र क्वचितच होतो. दुकानदार सहसा हाती ठेवतो तो ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा, ज्यात निरोगी मनुष्यही आजारी दिसतो. आरशापाशी ४००० केल्विनच्या आसपासचा, आणि वेष्टनावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० अथवा अधिक असलेला दिवा मला श्रेयस्कर वाटतो.

पाणी आणि वीज यांचे वैर मात्र हयगयीने हाताळण्याजोगे नाही. आयपी या अक्षरांपुढील दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो: आयपी ४४ चा दिवा चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतो, तर आयपी ६५ चा पाण्याची थेट धारही सोसतो. तेव्हा शॉवरच्या टप्प्यात दुसराच हवा. जुन्या घरांत आणखी एक छुपा दोष आढळतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते, आणि म्हणून दिवा विझला तरी होल्डरात वीज जिवंत राहते. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद तेवत राहिला तर प्रथम ही शंका घ्यावी. (बटणातील चिमुकला इंडिकेटर हेही त्याचे एक निरुपद्रवी कारण असू शकते, परंतु रुजुवात केल्यावाचून समाधान मानू नये.) दिवा बदलताना केवळ बटणावर विसंबू नये, मेन स्विच बंद करावा आणि टेस्टर लावून खात्री करून घ्यावी.

घरात वृद्ध असल्यास फरशीलगत अर्ध्या वॉटचा पिवळसर दिवा रात्रभर ठेवावा. त्याचा खर्च नगण्य आहे.

आणि नवे दिवे विकत घेण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, तसेच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी घरात आहे की नाही हे पाहावे. नसल्यास आधी ते बसवावे, दिवे मागाहून घ्यावेत.