धूर नको, घाई नको: घरातली वटवाघळे आणि आपले गैरसमज

अकोले तालुक्यातली कौलारू घरे, पारनेर-श्रीगोंद्याकडची माळवदे, नगर शहरातले जुने दगडी वाडे आणि आता सगळीकडे झालेली पत्र्याची छपरे. अहिल्यानगर जिल्ह्यात वटवाघळांना आसऱ्याची वानवा नाही. भिंतीवरचे ओघळ, उग्र वास, पहाटेची चिवचिव हे कोणालाही नको असते, तेव्हा त्यांना घराबाहेर काढावेसे वाटणे रास्तच आहे. अडचण आहे ती काढण्याच्या पद्धतीत. बहुतेक उपाय ऐकीव समजांवर चालतात आणि त्यात वटवाघळेही मरतात व घरातला त्रासही संपत नाही.

गैरसमज: वटवाघूळ म्हणजे उडणारा उंदीर. ते लाकूड आणि वायरी कुरतडते.

वस्तुस्थिती: उंदीर कृंतक गटातला, वटवाघूळ अगदी वेगळ्या गटातले. त्याला कुरतडणारे दात नसतात. ते नवे भोक पाडत नाही, आधीच असलेली फट वापरते. गावाकडे जिला पाकोळी म्हणतात तिच्यातल्या सर्वांत लहान जातीचे वजन जेमतेम दोन ते चार ग्रॅम भरते आणि तिला अर्ध्या इंचाची फट पुरते. माळ्यावरच्या लेंड्या कोणाच्या हे ओळखणेही सोपे आहे. वाळलेली लेंडी काडीने दाबून पाहा. उंदराची कडक राहते, तर पाकोळीच्या लेंडीचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसतात. रात्री उडणारे पतंग, डास आणि भुंगेरे हेच तिचे जेवण. ऊस, कांदा आणि कपाशीच्या या जिल्ह्यात हे किडे खाणारे कोणी असणे शेतकऱ्याच्या फायद्याचेच आहे.

गैरसमज: ती रक्त पितात.

वस्तुस्थिती: रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात फक्त तीन जाती आहेत आणि त्या तिन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत. भारतात सुमारे 130 जाती आढळतात, त्यांतली एकही रक्तपिपासू नाही. या समजाला खतपाणी मिळते ते मोठ्या कानांच्या एका जातीमुळे. पडक्या वाड्यातल्या अंधाऱ्या खोल्या तिला आवडतात. बेडूक, पाली, उंदीर, मोठे किडे पकडायचे आणि ठरलेल्या जागी लटकून खायचे, असा तिचा क्रम. सकाळी त्या जागेखाली बेडकाचे पाय, टोळांचे पंख आणि रक्ताचे डाग पडलेले असतात. पाहणाऱ्याला करणीचा संशय येतो, पण तो रात्रीच्या जेवणाचा उकिरडा असतो.

गैरसमज: ते केसात शिरते, अंगाला चिकटले की सुटत नाही.

वस्तुस्थिती: अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून बारीक किडा टिपणाऱ्या प्राण्याला आपले डोके दिसत नाही, असे होत नाही. बंद खोलीत ते भिंतीपाशी वर चढते आणि मधोमध खाली येते, म्हणून अंगावर आल्यासारखे वाटते. अशा वेळी सर्वांत आधी छताचा पंखा बंद करा. खोलीत शिरलेली कित्येक वटवाघळे पंख्याच्या पात्यानेच जायबंदी होतात. मग आतली दारे लावा, बाहेर उघडणारी दारे-खिडक्या सताड उघडा, दिवे मालवा आणि भिंतीला लागून थांबा. थोड्या वेळात ते आपले आपण निघून जाते.

जमिनीवर पडलेले असेल तर जाड हातमोजे घाला. वटवाघळावर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि संध्याकाळी झाडाच्या खोडावर उंच जागी सोडा. बहुतेक जातींना जमिनीवरून उड्डाण घेणे जमत नाही, त्यांना उंचावरून झेप घ्यावी लागते.

गैरसमज: धुरी, फटाके, डांबरगोळ्या किंवा आवाजाचे मशीन लावले की ती पळतात.

वस्तुस्थिती: दिवसा धूर केला तर वटवाघळे गुदमरून भिंतीच्या पोकळीत पडतात आणि आठवडाभर घर कुजक्या वासाने भरून जाते. जी वाचतात ती दुसऱ्या फटीत शिरतात. जुन्या लाकडी आढ्याजवळ धुरी म्हणजे आगीलाही आमंत्रण. डांबरगोळ्यांचा वास त्यांच्याआधी घरातल्या माणसांना बाधतो आणि मशीनची त्यांना सवय होते. पकडून लांब सोडण्यातही अर्थ नाही. वाट मोकळी असेल तोवर ती परत येतात.

गैरसमज: पावसाआधी घर शाकारताना फटी बुजवल्या की काम झाले.

वस्तुस्थिती: सर्वांत मोठी चूक इथेच होते, आणि तीही चांगल्या हेतूने. कौले चाळणे, पत्रे बदलणे, माळवदावर माती टाकणे ही कामे आपण मृगाच्या आधी उरकतो. आपल्याकडच्या अनेक जातींची पिल्ले नेमकी उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर जन्मतात. बहुतेक जातींत मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते. ते उडू लागेपर्यंत आई त्याला आसऱ्यात ठेवून चरायला जाते. त्या दिवसांत फट बुजवली तर पिल्ले आत उपाशी मरतात आणि आया रात्रभर छपराभोवती घिरट्या घालतात.

परदेशी माहितीत फटी बुजवण्याचे ठरावीक महिने सांगितलेले असतात, ते जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. नागपूरला प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपालकृष्ण यांनी 1950च्या दशकात वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला, तेव्हा काही जाती वर्षभर पिल्ले देतात असे दिसून आले. म्हणून दिवाळीनंतरचा काळ सर्वसाधारणपणे बरा असला, तरी कॅलेंडरवर विसंबू नका. संध्याकाळी मोठी बाहेर गेल्यावर बॅटरीच्या उजेडात आत पाहा. गुलाबी, बिनकेसांची किंवा न उडणारी पिल्ले दिसली तर काम पुढे ढकला.

मग काढायची कशी?

हाकलायचे नाही. ती रोज संध्याकाळी आपणहून बाहेर जातात, फक्त परतीची वाट बंद करायची.

दोन-तीन दिवस तिन्हीसांजेला अंगणात बसून ती कुठून निघतात ते पाहा. फटीखालचे तेलकट डाग आणि लेंड्याही जागा सांगतात. मुख्य वाट सोडून बाकीच्या फटी बुजवा. मुख्य वाटेवर बारीक विणीची जाळी पडद्यासारखी सोडा. वरून आणि दोन्ही बाजूंनी ती पक्की करा, खालचे टोक मात्र फटीच्या खाली दीड-दोन फूट सैल लोंबते ठेवा. आतले वटवाघूळ जाळीमागून सरपटत खालून निसटते. परतताना ते फटीसमोरच्या जाळीवर येऊन आदळते आणि त्याला आत जायला वाट सापडत नाही. घरात उरलेले शेडनेटचे तुकडे चालतात. डाळिंबाच्या बागेवरची मोठ्या भोकांची पक्षी-जाळी मात्र नको, तिच्यात पंख अडकून ती मरतात. गोल भोक असेल तर दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा बाहेरच्या बाजूने खाली झुकवून बसवा. गुळगुळीत पाइपातून बाहेर घसरता येते, वर चढता येत नाही.

ही व्यवस्था किमान आठवडाभर राहू द्या. थंडी असेल तर आणखी काही दिवस ठेवा, कारण गार रात्री काही पाकोळ्या बाहेरच पडत नाहीत. एकही बाहेर येत नाही याची खात्री झाली की मगच वाट कायमची बुजवा.

गैरसमज: घरात वटवाघूळ म्हणजे निपाह आणि करोना आलाच.

वस्तुस्थिती: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च 2020मध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली होती, हे खरे. पण त्याचा अर्थ माळ्यावरची पाकोळी रोग वाटत फिरते असा होत नाही. काळजी घ्यायची ती स्पर्शाची आणि धुळीची. उघड्या हाताने वटवाघूळ धरू नका. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. त्याचे दात इतके बारीक असतात की जखम दिसतही नाही. वाळलेल्या लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग उचला.

गैरसमज: कायद्यानेच ती उपद्रवी ठरवली आहेत.

वस्तुस्थिती: 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. घरात राहणाऱ्या कीटकभक्षी जाती त्या यादीत कधीच नव्हत्या. आणि 2022च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे. मोठी वसाहत असेल किंवा जखमी वटवाघूळ सापडले तर वन विभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

यंदा पावसाआधी छपराचे काम काढणार असाल, तर कारागीर वर चढण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या फटीकडे पाहण्यात घालवा. आत पिल्ले दिसली, तर तेवढा कोपरा दिवाळीनंतर, पुन्हा आत पाहूनच करा.