बायबलचा अभ्यासक्रम अमेरिकेतूनच मागवायचा?

जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. तरीही मुलांना घरी बायबल शिकवायचे म्हटले की पालकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो अमेरिकेतला कोणता संच चांगला, हाच. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे आपल्याकडे विरळा. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या ख्रिस्ती मुलांचेही बायबल घरीच होते, नाहीतर रविवारी शब्बाथ शाळेत. कारण राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. तेव्हा दोन्ही घरांतले गैरसमज सारखेच.

पहिला गैरसमज अर्थातच संचाचा. तयार पुस्तके नसतील तर शिकवणे अर्धवट राहते, असे अनेकांना वाटते. एसीई या ख्रिस्ती शिक्षणसंस्थेचे संच 1970 पासून टेक्सासमधून निघाले. ते तिकडच्या मुलांसाठी, इंग्रजीत आणि विशिष्ट पंथाच्या मतांना धरून लिहिलेले आहेत. त्यांत बायबल वेगळे काढता येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातही पृथ्वीचे वय काही हजार वर्षे असल्याचे शिकवले जाते. हे पटत असेल त्याने जरूर घ्यावे, पण आधी पुस्तक उघडून बघावे. नुसत्या मुखपृष्ठावरून काही कळत नाही.

मराठीत साहित्यच नाही, हे तर अजिबात खरे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. जुन्या आणि नव्या कराराची कथा त्यात सुमारे अकरा हजार ओव्यांत आहे आणि ती नवख्रिस्ती लोकांना शिकवण्यासाठीच रचली होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणले, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावे म्हणून. रेव्हरंड टिळकांची पदे तर मंडळीत आजही गातात. लहान मुलाला वचन पाठ करायला लावण्याआधी एखादे पद चालीवर शिकवा, ते जास्त टिकते. नेमलेला पाठ्यक्रम हवाच असेल तर आपल्या पाळकांना किंवा फादरांना शब्बाथ शाळेची पुस्तके मागावीत.

मात्र ‘कुठलेही मराठी बायबल चालेल’ असेही नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये 73. आजी एका मंडळीची, सूनबाई दुसऱ्या मंडळीची, असे घरात असले की कॅथलिक बायबलमधली तोबीतची गोष्ट कुठे गेली, यावरून मुलगा गोंधळतो. जुने आणि नवे भाषांतर आलटूनपालटून वापरले तर पाठांतराचाही बोजवारा उडतो. एकच प्रत ठरवावी आणि दुसरी तुलनेला हाताशी ठेवावी.

उत्पत्तीपासून सुरू करून प्रकटीकरणापर्यंत ओळीने वाचायचे, हा आणखी एक हट्ट. तो बहुतेक घरांत लेवीय या पुस्तकापाशी दम तोडतो. बायबलमधली पुस्तके काळाच्या क्रमाने लावलेलीच नाहीत. पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रे साधारण लांबीप्रमाणे, मोठे आधी अशी मांडली आहेत. त्यांतली काही शुभवर्तमानांच्याही आधी लिहिली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अध्यायांची आजची विभागणी तर 13व्या शतकातली आहे. तेव्हा मार्कपासून सुरुवात केली तर काहीही बिघडत नाही. ते चारांतले सर्वांत आटोपशीर शुभवर्तमान आहे.

खरी गंमत दृष्टांतांत आहे आणि तिथे धाराशिवच्या मुलाला कुठलाही परदेशी संच पुरा पडणार नाही. पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. मूल विचारते, बी पायवाटेवर पडलेच कसे? त्याने पाहिलेली पेरणी तिफणीची: चाड्यावर मूठ धरायची, नळ्यांतून बी थेट तासात. येशूच्या काळच्या गालीलात बी हाताने फोकत. हे सांगितले की कोडे सुटते. मग खडकाळ जमीन कशी असते ते माळरानावर नेऊन दाखवा, म्हणजे कोंब का करपतात हे वेगळे समजवावे लागणार नाही. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांतही तसाच. संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पूर्ण रोज मिळतो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरातले मूल यावर भांडतेच. ते भांडण मिटवण्याची घाई करू नका, दृष्टांतातले सकाळपासून राबलेले मजूरही हेच भांडले होते.

बायबलमधला काळ फार दूरचा आहे, असे वाटणाऱ्यांनी मुलांना तेरला न्यावे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून जे गाव येते ते हेच, संत गोरोबाकाकांचे तेर. इथले कापड बैलगाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. ज्या शतकात पौल रोमन साम्राज्यात फिरत होता, त्याच शतकात हा व्यापार चालू होता. लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या तेरच्या वस्तू बघायला मिळतात. शास्त्र शिकवायचे आणि जिल्ह्याचा इतिहास सोडायचा, हे मला कधीच पटले नाही.

राहिला कायदा. घरी शिकवणे हा गुन्हा आहे, असे कुजबुजले जाते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे 10वे कलम 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते, पण न घालणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. मात्र बायबल झाले म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत महागात पडते. पुढे दहावी लागतेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती मराठीत देता येते, त्यासाठी वयाची 14 वर्षे पूर्ण हवीत. म्हणून बायबलला रोज अर्धा तास द्यावा आणि सकाळचा ताजा वेळ गणिताला ठेवावा.