ओढणं आणि सोडणं

आषाढाचा पाऊस बांध्यांत साचला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रोवणी सुरू होते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा, जिथे जिथे धान आहे तिथे बायांच्या ओळी चिखलात उतरतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात, गुडघे जवळपास ताठ, आणि एकेक पाऊल मागे सरकत दिवसभर वाकून काम. दुपारी शिदोरी सोडायला बांधावर येताना हात मांड्यांवर टेकून अंग सरळ करावं लागतं. ‘कंबर धरली’ एवढंच त्या म्हणतात आणि जेवण उरकून पुन्हा ओळीत जातात.

ही कंबर कोण धरतं, कशी धरतं, हे समजून घ्यायचं तर स्नायूच्या आत शिरावं लागेल. स्नायूंबद्दल आपण नेहमी ताकदीच्या भाषेत बोलतो: किती वजन उचललं, किती किलोमीटर धावला. मला मात्र वाटतं की आकसण्याइतकंच आकसल्यावर सुटणं महत्त्वाचं आहे. त्यालाही शक्ती लागते, आणि तिथेच आपलं लक्ष नसतं.

शिजलेल्या मटणाचा तुकडा बोटांनी उसवला की लांब धागे सुटे होतात. हा प्रत्येक धागा म्हणजे स्नायुतंतूंची एक जुडी. जुडीतला एकेक तंतू ही एकच पेशी असते. केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण काही स्नायूंत कित्येक सेंटिमीटर लांब. अनेक लहान पेशी जुळून ती तयार होते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात. पेशीच्या आत सुमारे एक मायक्रॉन जाडीचे उपतंतू गच्च भरलेले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर गडद-फिक्या पट्ट्या एकाआड एक दिसतात. पट्ट्यांची ही रचना पुन्हा पुन्हा येते. तिच्या एका घटकाला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी दोन-अडीच मायक्रॉन, म्हणजे एक सेंटिमीटर उपतंतूत चार हजारांहून अधिक सार्कोमिअर. आपली प्रत्येक हालचाल इथे घडते.

सार्कोमिअरमध्ये दोन तऱ्हेची सूत्रं असतात. अ‍ॅक्टिनची बारीक सूत्रं दोन्ही टोकांकडून आत येतात आणि मायोसिनची जाड सूत्रं मधे असतात. स्नायू आखडतो तेव्हा ही सूत्रं स्वतः आखूड होत असावीत, असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटे. 22 मे 1954 रोजी ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले आणि ही समजूत मोडली. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते. दोन्ही गटांना एकच दिसलं: स्नायू आखडताना गडद पट्टा जेवढा होता तेवढाच राहतो, अरुंद होतो तो फिका पट्टा. म्हणजे सूत्रांची लांबी तीच, ती फक्त एकमेकांत सरकतात. (त्याच 1954 साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करथा यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. स्नायूचा ओढा हाडापर्यंत पोचवणारी कंडरा याच कोलॅजेनची बनते.)

सरकवण्याचं काम मायोसिनच्या सूत्रावरची शेकडो डोकी करतात. प्रत्येक डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, कलतं, काही नॅनोमीटर ओढतं, सोडतं आणि पुढची जागा धरतं. विहिरीतून बादली शेंदताना एक हात दोर धरून असतो तेव्हाच दुसरा सोडून पुढे जातो, तसंच हे चालतं. सगळी डोकी एकदम सुटत नाहीत, म्हणून ओढलेलं मागे घसरत नाही. शिवाय स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून कोपर वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा, अशा जोड्या शरीरभर आहेत.

आता सोडण्याकडे येऊ. डोक्याची पकड सुटते ती एटीपीचा नवा रेणू येऊन त्याला चिकटतो तेव्हा. एटीपी म्हणजे पेशीतलं खर्चाचं चलन. स्नायूत त्याचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा, म्हणून ते सतत नव्याने बनवावं लागतं. एटीपी संपलं तर डोकी ढिली पडत नाहीत, उलट धरल्या जागी अडकून राहतात. मेल्यावर अंग ताठतं ते यामुळेच. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने मारलेल्या गुराचा पंचनामा होतो तेव्हा जनावर किती ताठलं आहे, यावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज येतो. ताठरपणा साधारण दोन-चार तासांत सुरू होतो, बारा तासांच्या आसपास पुरता भरतो आणि पुढे एक-दोन दिवसांत, प्रथिनं कुजू लागली की, उतरतो. मात्र इथल्या उन्हाळ्यात हे गणित बदलतं. पारा 46-47 अंशांवर गेलेला असेल तर सगळंच लवकर घडतं. शेवटपर्यंत धडपडलेलं जनावरही लवकर ताठतं, कारण त्याचं एटीपी झटापटीतच संपत आलेलं असतं.

मग जिवंतपणी स्नायू कधी ओढायचं आणि कधी थांबायचं हे कसं ठरवतो? तो ठरवत नाही. हुकूम मज्जातंतूकडून येतो. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिनच्या सूक्ष्म पिशव्या असतात. संदेश आला की त्या फुटतात, ते रसायन पलीकडच्या पेशीवर पोचतं आणि पेशीभर विजेची लाट पसरते. त्या लाटेने आतल्या कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडतं. एरवी अ‍ॅक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटलं की त्या उघड्या पडतात. ही ट्रोपोनिनची भूमिका जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात उलगडली. हुकूम थांबला की कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि त्या भरणीलाही एटीपीच खर्ची पडतं.

रोवणीतल्या कमरेचं कोडं इथे उलगडायला लागतं. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत पाठीचे उभे स्नायू सतत ताणलेले असतात. स्नायू बराच वेळ जोर धरून राहिला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोचतो, टाकाऊ द्रव्यं साचतात. पूर्ण वाकल्यावर भलतंच घडतं. 1955 साली फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी पाठीच्या स्नायूंमधल्या विजेची नोंद घेऊन दाखवलं, की माणूस पार वाकला की हे स्नायू जवळपास गप्प होतात. मग धडाचा भार मणक्यांच्या अस्थिबंधांवर आणि चकत्यांवर येतो. अस्थिबंध हळूहळू लांबतात आणि उभं राहिल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून वाकून काम झाल्याबरोबर पऱ्ह्यांचा भारा डोक्यावर घेणं कमरेला सगळ्यात धोक्याचं. थोडा वेळ उभं राहून, चार पावलं चालून मग भारा उचलला तर पाठ सावरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पाठ-कंबरदुखीला गावपातळीवरचा आजार म्हणून गांभीर्याने घेतलं आणि तिच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांच्या पथकाची मणक्यांची शिबिरं भरू लागली. कष्टकऱ्याची कंबर हा आरोग्याचा प्रश्न मानला जावा, याचं मला मोल वाटतं.

हुकूमच पोचला नाही तर काय होतं, हे जंगलपट्टीला मण्यार शिकवते. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही कधी सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू थांबत जातात. नागाचं विष अ‍ॅसिटिलकोलिनची स्नायूवरची जागा अडवतं. मण्यारीचं विष त्या जागेच्या मागे जाऊन मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. अ‍ॅक्टिन, मायोसिन, कॅल्शियम, सगळं जागच्या जागी शाबूत आणि माणूस निश्चल! बाहुल्या विस्फारलेल्या, हाकेला ओ नाही, त्यामुळे असा रुग्ण मेंदूमृत वाटू शकतो. पण तो ऐकत असू शकतो. झालेलं नुकसान प्रतिविषाने भरून निघत नाही, टोकं पुन्हा वाढावी लागतात. तोवर कृत्रिम श्वासावर ठेवलं तर माणूस काही दिवसांनी उठून बसतो. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला एकेक तास महाग पडतो.

कुष्ठरोगात हेच संथपणे होतं. 1949 साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. तिथे येणाऱ्या कितीतरी जणांची बोटं आत वळलेली असत. जंतू त्या स्नायूंत शिरलेला नसतो. त्याला शरीराच्या थंड जागा मानवतात. कोपराच्या मागून कातडीलगत जाणारी अल्नर नस तो गाठतो. ती नस गेली की तळहातातले बारीक स्नायू हुकुमावाचून सुकतात. बोटं वाकवणारे लांब स्नायू कोपराखालच्या भागात असतात. त्यांतल्या बऱ्याच स्नायूंची नस वेगळी, म्हणून ते ओढतच राहतात आणि विरोधाला कोणी नसल्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून यावर शस्त्रक्रिया केल्या. चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून ती लुळ्या बोटांना जोडायची. त्यानंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे सराव करावा लागतो, कारण जुन्या हुकुमाने आता वेगळं बोट हलतं.

पण तिथवर जायची वेळ येऊ नये. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. स्नायूंची तपासणी तर यंत्राशिवाय होते. हात उताणा ठेवून करंगळी बाहेरच्या बाजूला काढायला सांगायचं आणि ती आत दाबून बघायची. मग अंगठा वर, मग मनगट मागे. जोर टिकतो, कमी पडतो की अजिबात नाही, एवढंच लिहून ठेवायचं आणि पुढच्या भेटीत ताडून पाहायचं. जोर नुकताच, सहा महिन्यांच्या आत घटला असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी नस पुष्कळदा सावरते आणि करंगळी पुन्हा दाब झेलू लागते.