फुकट सॉफ्टवेअर घ्या, पण फाइल आपल्याकडे ठेवा
लेखमाला : घरचा संगणक – भाग ४

विंडोज १०चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही त्याच दिवशी. ज्या संगणकाचा प्रोसेसर जुना आहे किंवा ज्यात टीपीएम २.० नाही, त्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही, हे मागच्या भागात पाहिलं. असा संगणक यंत्र म्हणून धडधाकट असतो. तो भंगारात देण्याआधी त्यावर रोजची कामं मोफत सॉफ्टवेअरने कशी होतात ते या आठवड्यात पाहू.

त्यासाठी भंडारा जिल्ह्यातली नाकाडोंगरी डोळ्यांपुढे ठेवू. तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचं हे गाव. आजूबाजूला जंगल, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, बाकी धानाचा पट्टा. अशा गावात संगणकावर काय काम निघतं? ग्रामपंचायतीला अर्ज, बचत गटाचा हिशेब, शाळेची प्रश्नपत्रिका, नोकरीसाठी बायोडाटा. यातल्या एकाही कामासाठी विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. ‘क्रॅक’ केलेली प्रत तर घेऊच नका. तिच्या अॅक्टिव्हेटरबरोबर व्हायरस घरात येतो.

माझी पहिली पसंती लिबरऑफिसला. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली स्टारऑफिसचा सोर्स कोड खुला केला, त्यातून ओपनऑफिस आलं. पुढे सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा त्या कामातल्या अनेकांनी सप्टेंबर २०१०मध्ये वेगळी वाट धरून लिबरऑफिस सुरू केलं. आज डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी, की ते एकदा उतरवून घेतलं की चालवायला इंटरनेट लागत नाही. एकाने तुमसरहून पेन ड्राइव्हवर आणलं, तर गावातल्या हव्या तितक्या संगणकांवर टाकता येतं. परवान्यातच तशी मुभा आहे.

मराठीसाठी सुरुवातीलाच एक काम करा. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या पानावर जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा आणि तिथे मराठी निवडा. मराठीचा आणि इंग्रजीचा फॉन्ट हे सॉफ्टवेअर वेगवेगळा लक्षात ठेवतं. मराठीसाठी मुक्ता किंवा लोहित हे मोफत फॉन्ट चांगले. वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइली यात उघडतात. मांडणी थोडी सरकू शकते, एक्सेलचे मॅक्रो अडू शकतात. म्हणून पुढे पाठवायचा कागद पक्का झाला की पीडीएफ करूनच पाठवा. ती सोय आतच आहे.

खरी अडचण जुन्या मराठी फाइलींची. बचत गटाचा दहा वर्षांपूर्वीचा ठराव उघडावा आणि पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसावी, हा अनुभव अनेकांचा आहे. लोक म्हणतात, लिबरऑफिसने फाइल बिघडवली. तसं झालेलं नसतं. ती फाइल कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं, की फाइलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं साठवली जातात. एच म्हणजे अर्धा भ, पहिल्या के-ने तो पूर्ण होतो, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवतो. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये ‘भ’ हा ‘भ’ म्हणूनच साठवला जातो, फोनवर पाठवा नाहीतर कुठल्याही संगणकावर उघडा. जुन्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात. आणल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी नीट तपासा, घोटाळा बहुतेक तिथेच होतो. नवीन मजकूर मात्र आजपासून युनिकोडमध्येच लिहा.

आता क्लाउड. गूगल डॉक्स, झोहो रायटर यांत फाइल ब्राउझरमध्येच लिहायची आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर राहते. पुण्यातला मुलगा आणि गावातला बाप एकाच कागदावर एका वेळी काम करू शकतात. वीज गेली तरी लिहिलेलं बहुतेक वाचतं. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं. ज्येष्ठांना ही सोय जरूर दाखवा. पण नेट गेलं की बोलून टाइप करणं थांबतं, आणि ऑफलाइन वापर आधीच चालू करून ठेवला नसेल तर कागदही उघडत नाही.

क्लाउडच्या अटी शांतपणे वाचण्यासारख्या आहेत. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. ती लग्नाच्या व्हिडिओंनी भरली की जीमेलवर मेल येणंही थांबतं. खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर कंपनी ते पुसू शकते. आणि संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये डॉक्सची जी फाइल दिसते, तिच्यात मजकूर नसतोच, फक्त सर्व्हरवरच्या कागदाचा पत्ता असतो. ती पेन ड्राइव्हवर घेतली म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका.

हा प्रश्न फक्त मोफत खात्यांचा नाही. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा पुन्हा सुरू झाल्या. पैसे मोजणाऱ्या एवढ्या मोठ्या ग्राहकाचे मेल अडतात, तर बचत गटाने आपल्या हिशेबाची एकमेव प्रत दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजच सोडून पाहायचं असेल तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, आवाज चालतो का ते कळतं. मात्र सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी घाई करू नये. आधारच्या बोटांच्या ठशांची यंत्रं सहसा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनलेली असतात. आपलं यंत्र चालेल याची खात्री झाल्याशिवाय विंडोज काढू नका.

माझा सल्ला असा : मूळ फाइल लिबरऑफिसमध्ये, आपल्या संगणकावर, ओडीटी किंवा ओडीएस स्वरूपात ठेवा. हे स्वरूप २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, एका कंपनीच्या मालकीचं नाही. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर. डॉक्समध्ये केलेलं काम दर महिन्याला ‘डाउनलोड’ करून घ्या.

पुढच्या भागात इन्स्क्रिप्ट कळफलक शिकू. तोवर घरातली एक जुनी कृतिदेवची फाइल शोधून युनिकोडमध्ये आणून पाहा.